इत्ताच?

नेपाळातल्या लुक्ल्यात अडकून पडल्याचा आमचा तो दुसरा दिवस होता. लॉजच्या खिडकीबाहेर धावपट्टी असायला हवी होती. तिथं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं धुकं भरलं होतं. खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी, तिच्या नळकांड्यावर सगळ्यांचे मोजे वाळत घातलेले. ओल्या लोकरीचा, लसणाच्या सूपचा आणि रॉकेलचा असा एक मिळून वास. आमची पाचजणांची टोळी अंबाजोगाईची, सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. तेंगबोचेपर्यंत जाऊन, फोटो काढून, ‘आता बास’ म्हणत खाली उतरलो होतो. विमान नाही म्हणजे पत्ते. पत्ते संपले म्हणजे चहा. चहा प्यायला तिथं एक भरिया, म्हणजे ओझं वाहणारा हमाल, उभा होता. पंचविशीचा असेल. दुसऱ्या कुठल्या गटाचं सामान उतरवून मोकळा झालेला. त्यानं आपणहून मोबाईल पुढं केला. फोटोत गुलाबी टोपी घातलेलं लेकरू, डोळे मिटलेले, मूठ गालाशी. अकरा दिवसांची मुलगी. फाप्लूच्या दवाखान्यात झाली म्हणाला. त्यानं अजून पाहिली नव्हती, आता निघालाय. किती लांब, मी विचारलं. ‘तीन दिन, दाइ. बीच में जीप मिला तो दो.’

मी गणिताचा मास्तर. कुणी अंतर विचारल्यावर दिवस सांगितले की मला चैन पडत नाही. मोबाईलमध्ये लुक्ला विमानतळ टाकला, फाप्लू विमानतळ टाकला. दोन ठिपके, मधे एक सरळ रेघ. सुमारे चोवीस किलोमीटर. ‘चोबीस किलोमीटर?’ मी म्हणालो आणि माझ्या तोंडून आमच्या बाजारातली हिंदी बाहेर पडली, ‘बस? इत्ताच?’

तो माझ्याकडं बघून हसला. ‘हाँ दाइ, इतना ही.’ मग त्यानं डोको, म्हणजे पाठीवरची टोपली, उचलला, नाम्लोचा पट्टा कपाळावर सारखा केला, टेकू द्यायची ती इंग्रजी टी-च्या आकाराची काठी घेतली आणि धुक्यात गेला. आमच्यातल्या एकानं पुढचा डाव वाटायला घेतला होता.

तो चिडला असता तर मी विसरून गेलो असतो.

लुक्ल्याच्या धावपट्टीबद्दल लोक भीतीनं बोलतात, आणि ते बरोबरच आहे. तिची लांबी ५२७ मीटर. कॉलेजच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या तर यापेक्षा जास्त अंतर होतं. समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटर उंचीवर, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत आणि मधे ही उताराला टाकलेली पट्टी. दर शंभर मीटरला जवळपास बारा मीटरचा चढ. म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत वीस मजली इमारतीएवढा फरक. विमान उतरतं ते चढावर, म्हणजे चढच त्याला थांबवतो. उडतं ते उतारावरून, दरीच्या दिशेनं. वेग यायला उतार मदत करतो आणि पट्टी संपते तिथं जमीनही संपते. गोफणीतून दगड सुटावा तसं ते बारकं विमान सुटतं. आत बसलेला माणूस देवाचं नाव घेतो की नाही ते त्याच्या संस्कारांवर. आमच्यातले दोन नास्तिक होते, त्यांनीही एकमेकांचे हात धरले होते. तिथं यंत्राच्या भरवशावर उतरायची सोय नाही. वैमानिकाला डोळ्यांनी पट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर परत. आणि जे काही व्हायचं ते सकाळीच. ऊन चढलं की दरीच्या भिंती तापतात, खालची हवा वर चढू लागते, वारा सुटतो, दरीतून ढग वर येतात आणि दुपारच्या आत विमानतळ गप्प होतो. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. चैत्र-वैशाखात दुपारी आमच्या काळ्या रानात वावटळ उठते तिचं कूळ हेच. फक्त आमच्याकडं ती कडब्याची पेंडी उडवते.

पहाटेपासून सगळं गाव कान देऊन असतं. भोंगा वाजला की विमान निघालं. मग लहानथोर सगळे तारेच्या कुंपणाशी. विमान उतरतं, पंखे पूर्ण बंदही होत नाहीत, सामान खाली, सामान वर, माणसं खाली, माणसं वर, आणि पाच-सात मिनिटांत परत सुटलेलं. एसटीचा कंडक्टरसुद्धा आमच्या स्टँडवर यापेक्षा जास्त वेळ चहा पितो. हंगामाच्या गर्दीत काठमांडूचा विमानतळ इतका तुंबतो की लुक्ल्याची विमानं मंथलीहून सोडतात. मग मध्यरात्री काठमांडूहून गाडीनं निघायचं, वळणावळणानं चार-पाच तास रामेछापच्या बाजूला जायचं आणि तिथून वीसेक मिनिटं उडायचं. जाताना मला याचा रागच आला होता. वीस मिनिटांच्या उड्डाणासाठी रात्रभर उलट्या! तेव्हाही मी भागाकारच करत होतो.

त्या दुपारी, तो गेल्यावर, पत्त्यांत मन लागेना म्हणून मी चोवीस किलोमीटरचा हिशोब पुढं चालवला. तिथली छोटी विमानं ताशी पावणेतीनशे-तीनशेच्या वेगानं जातात. चोवीसला भागिले: पाच मिनिटं. नववीतलं पोरही तोंडी करेल. वैमानिकांच्या भाषेत तर अंतर आणखी बारीक होतं, तेरा सागरी मैलांच्या आतच. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, जिथल्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो कधी पाहिला नसेल, तिथं आकाशातली मोजणी सागरी मैलांत. याची मला उगीच गंमत वाटली. समुद्र तर मीही चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

मग मी लॉजच्या भिंतीवरचा चहाच्या डागांचा नकाशा बघायला उठलो. लिपी आपलीच, त्यामुळं गावं वाचता येत होती. लुक्ल्याहून वाट आधी खाली सुर्केला उतरते, तेवीसशे मीटरवर. मग पुन्हा वर, पैयाला. तिथून खारीखोला करत खाली खाली दूधकोसीच्या पुलापर्यंत, पंधराशे मीटर. म्हणजे लुक्ल्यापासून जवळजवळ साडेतेराशे मीटर खाली. तेवढं उतरून झालं की नुनथला, आणि मग ताक्सिन्दूची खिंड, तीन हजारांच्या वर. म्हणजे आधी जेवढं उतरलास ते सगळं परत दे, शिवाय व्याज. खिंडीतून पुन्हा उतार, रिंग्मो, आणि मग फाप्लू. मोबाईलमधल्या रेघेला यातलं काहीच शिवलेलं नव्हतं. ती दूधकोसीवरून किलोमीटरभर उंचावरून गेली होती, पाय न भिजवता. हल्ली त्या बाजूला जीपचा रस्ता पुढं पुढं येतोय, पण पाऊस झाला की दरड, आणि दरड झाली की खेचरं. खेचरांच्या तांड्यानं तुडवलेला चिखल मी त्याच आठवड्यात नामचेच्या वाटेवर पाहिला होता. त्यातून डोको पाठीवर घेऊन चालणाऱ्याला मी ‘इत्ताच’ म्हणालो होतो.

चोवीस किलोमीटर म्हणजे आमच्यासाठी अंबाजोगाई ते परळी. रस्त्यानं पंचवीसेक भरतं. तिथला माणूस इथं नोकरीला, इथला तिथं. सकाळचा डबा घेऊन निघालेला माणूस चहापर्यंत पोचतो. माझ्या डोक्यात ती रेघ आखली गेली तेव्हा मी नकळत परळीचाच रस्ता बघत होतो. आणि गंमत अशी की या पंचवीस किलोमीटरचं जुनं दुखणं आमच्या गावाला सगळ्यांत चांगलं माहीत आहे. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं. कोकणातून वऱ्हाड निघालं, घाट चढून, पठार तुडवून इथवर आलं, आणि इथं मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले, देवी इथंच राहिली. लहानपणी हत्तीखान्यातले दगडी हत्ती दाखवून आजी ही गोष्ट सांगायची, तेव्हा मी हटकून विचारायचो, ‘मग दुसऱ्या दिवशी का नाही गेली? परळी तर जवळच आहे.’ आजीकडं याचं उत्तर नव्हतं. ती म्हणायची, ‘तू नगं शिकवू देवीला.’ मला वाटतं, माझी अंतराच्या बाबतीतली खोड तेव्हापासूनची.

आमच्या मूळ गावाला कुणी किलोमीटरमध्ये बोलत नसे. मळा हाकेवर असायचा. पलीकडची वाडी दोन तंबाखूंवर. म्हणजे निघताना एकदा मळायची, ती संपून दुसरी मळली की वाडी. पंढरपूर मुक्कामांवर. वारीला निघालेल्या माणसाला तुम्ही ‘किती किलोमीटर राहिलं’ विचारत नाही, ‘मुक्काम किती राहिले’ विचारता, कारण त्याला माहीत असतं की वाटेत पाऊस आहे, रिंगण आहे, कुणाचा पाय सुजणार आहे. तालुक्याचं गाव नऊ किलोमीटर. हा आकडा मैलाच्या दगडावर होता, पण तो दगड डांबरी सडकेला होता आणि सडक आमच्या शिवाराच्या बाहेरून जायची. सडकेपर्यंत पांदण. उन्हाळ्यात पांदणीतून सायकल जायची. पावसाळ्यात त्याच पांदणीत काळी माती चाकाला अशी धरायची की आऱ्या दिसेनाशा व्हायच्या, चाक म्हणजे मातीची भाकरी. दर शंभर पावलांवर थांबून काठीनं माती उकरायची. आणि पांदण संपल्यावर ओढा.

१९८३चा पावसाळा. मी बारा वर्षांचा, धाकटा बाळू सातचा. घरात कडबा कुट्टीचं यंत्र नवीनच आलं होतं, हातानं चाक फिरवायचं. त्याच्या दोन पात्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, खच्-खच्, ओलं कडवळ असलं की आणखी घट्ट. अण्णांनी बजावलं होतं, मोठं माणूस असल्याशिवाय हात लावायचा नाही. दिवेलागणीची वेळ, बाहेर पाऊस, गोठ्यात अंधार आणि ओल्या चाऱ्याचा गोडसर वास. बाळू पेंडी आत सारत होता.

चाक मी फिरवत होतो.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं. आईनं लुगड्याचा पदर फाडून हळद भरली आणि हात बांधला. अण्णांनी गाडी जुंपली. मला घरी राहा म्हणाले, पण मी गाडीमागं चालत गेलो, आणि मला हाकलून द्यायला कुणाला वेळ नव्हता. गाडीखाली कंदील टांगलेला होता आणि त्याचा उजेड चिखलावर मागंपुढं हलत होता. बैल गुडघ्यापर्यंत रुतत होते. अण्णा धुऱ्यावर बसलेच नाहीत. कासरा हातात धरून बैलांच्या पुढं चालत होते, जणू ते स्वतःच गाडी ओढतायत. मध्यरात्रीच्या सुमाराला ओढ्याशी पोचलो. पाणी कमरेच्या वर होतं आणि आवाज असा की माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. तिथं आम्ही थांबलो. पाणी उतरायची वाट बघत पहाटेपर्यंत थांबलो. नऊतले किती किलोमीटर तोवर झाले होते? फार तर दोन. मी तेव्हाही मोजलं होतं. मोजण्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, शहरातले, रात्रभर जागे. टेबलावरच्या कपात चहाला साय आलेली. त्यांनी पट्टी सोडली, बघितलं, आणि ‘लवकर आणलं असतं तर’ असं काहीतरी सुरू करून सोडून दिलं. मग विचारलं, गाव किती लांब? अण्णा म्हणाले, नऊ किलोमीटर. शिकलेल्या माणसाला आकडा सांगायचा असतो हे त्यांना माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, ‘एवढंच? मग रात्रभर काय करत होतात?’

अण्णांच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. ‘वढ्याला पाणी व्हतं, सायेब,’ ते म्हणाले. डॉक्टरांचं लक्ष तोवर हाताकडं गेलं होतं. हात त्यांनी चांगला शिवला, हे मान्यच करायला हवं. अंगठा आणि दोन बोटं घट्ट राहिली. बाळूला त्यांनी स्वतःच्या खणातलं बिस्कीट दिलं. मी मात्र पुढं कित्येक वर्षं त्या माणसाचा राग राग केला. त्या रागाचा मला उपयोगही होता. रात्रभर काय करत होतात, या प्रश्नावर राग धरला की संध्याकाळी चाक कुणी फिरवलं, हा प्रश्न जरा मागं सरकायचा. घरात तो कुणी कधी विचारला नाही. अण्णांनी तर नाहीच. त्यांच्यात फरक एवढाच पडला की त्यानंतर गाव किती लांब असं कुणी विचारलं तर ते आकडा सांगेनात. ‘उन्हाळ्यात दीड तास,’ ते म्हणायचे, ‘पावसाळ्यात त्याची मर्जी.’

आणि मी? मी गणित घेतलं, बी.एड. केलं आणि तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो: अंतर भागिले वेग बरोबर वेळ. उदाहरणातली गाडी एकसमान वेगानं जाते. उदाहरणात ओढा येत नाही.

घरी आल्यावर मी फाप्लूबद्दल वाचलं. आधी वाचायला हवं होतं, पण आपण जिथं जातो तिथलं आधी वाचत नाही, नंतर वाचतो. लुक्ल्याची पट्टी १९६४ साली एडमंड हिलरींच्या पुढाकारानं झाली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. वर खुमजुंगला त्यांनी शाळा काढली होती, खुंडेला पुढं दवाखाना उभा राहिला. त्या कामांचं सामान नेणं सोपं व्हावं म्हणून ही पट्टी. गिर्यारोहकांच्या रांगा नंतर लागल्या. जमीन भुसभुशीत होती तेव्हा त्यांनी शेर्पांना दारू पाजून पाय आपटत नाच करायला लावलं आणि माती बसली, असं सांगतात. ही गोष्ट वाचून मला बरं वाटलं. आमच्याकडं खळं करताना अशीच माती तुडवून, शेणानं सारवून कडक करायचे. विमानतळ म्हणजे आधी खळंच की. पण फाप्लूचं वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. १९७५ साली हिलरी फाप्लूला दवाखाना बांधत होते. त्यांची बायको लुईस आणि सोळा वर्षांची मुलगी बेलिंडा त्यांच्याकडं यायला निघाल्या. ३१ मार्चला काठमांडूहून विमान उडालं आणि लगेचच कोसळलं. दोघीही गेल्या. हिलरी फाप्लूला वाट बघत होते. त्यानंतरही ते काम सोडून गेले नाहीत. कशानं थांबले असतील, कसे थांबले असतील, याचा मला अंदाज करवत नाही. दवाखाना उभा राहिला. फाप्लूच्या दवाखान्यात मुलगी झाली, असं तो पोरगा चहा पिता पिता सहज म्हणाला, तेव्हा त्याच्या त्या सहज म्हणण्यामागं हे एवढं होतं. त्याला ते ठाऊक असेल-नसेल. मला नव्हतं.

आमचं विमान तिसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. आभाळ असं लख्ख की कालपर्यंत इथं काही नव्हतं हे खोटं वाटावं. भोंगा, धावपळ, उतार, दरी, पोटात खड्डा. मग वीस मिनिटं आणि मंथलीची उकाड्याची हवा. तिथून गाडीनं काठमांडू, काठमांडूहून दिल्ली, दिल्लीहून पुढचं विमान, संभाजीनगरला उतरून रात्रीची गाडी. मांजरसुंब्याच्या घाटात मला जाग आली. ड्रायव्हरनं काच खाली केली होती आणि ओल्या ज्वारीच्या रानाचा वास आत येत होता. तेव्हा माझ्या डोक्यात आपोआप हिशोब झाला. लुक्ला ते अंबाजोगाई सरळ रेघेत साडेचौदाशे किलोमीटरच्या आसपास. तो आमच्या आदल्या दुपारी निघाला होता. जीप मिळाली नसेल तर या वेळी तो ताक्सिन्दूच्या खिंडीच्या अलीकडं कुठंतरी झोपला असेल, किंवा पहाटेची चढण चढायला लागला असेल, किंवा कुणा दुसऱ्याचं ओझं मिळालं म्हणून वाट वाकडी करून गेला असेल. मी साडेचौदाशे करून घरी पोचत होतो, आणि त्याचे चोवीस अजून व्हायचे होते. घरी बायकोनं गरम भाकरी आणि वांग्याची भाजी पुढ्यात ठेवली आणि विचारलं, लांब पडलं का हो फार? मी नाही म्हणालो.

दिवाळीच्या आधी बाळूच्या दुकानात गेलो. त्याचं तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतून काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, खाचा साफ करायच्या आणि नवी तार एकेक वेढा मोजत भरायची. वेढा चुकला की मोटार गरम होते. आठ बोटांचा माणूस हे काम करतो म्हणून लोक आधी बघायला येतात आणि मग मोटारी घेऊन येतात. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी तो तार अशी ओढतो की तिला पीळ पडत नाही. कुणी हाताकडं फार वेळ बघितलं तर म्हणतो, ‘आमचा पाढा आठाचाच हाय.’ व्हार्निशच्या वासात बसून मी त्याला सगळं सांगितलं. पट्टी, उतार, धुकं, पोरगा, गुलाबी टोपी, माझं ‘इत्ताच’. डॉक्टरांचं नाव मी काढलं नाही, पण त्यानं ते ऐकलं असावं, कारण त्याचा हात क्षणभर थांबला. मोबाईलमधली रेघही दाखवली. त्यानं ती नीट बघितली, तारेचं टोक दातात धरून.

‘पोचला का मग त्यो?’

‘कोण?’

‘त्यो लेकराचा बाप.’

मला माहीत नव्हतं. नंबर घेतला नव्हता. नावसुद्धा विचारलं नव्हतं. अंतर तेवढं विचारलं होतं. बाळू काही बोलला नाही, वेढे मोजत राहिला, आणि मी उगाच स्टुलावरचं पान्ह्यांचं पुडकं सरळ केलं. चाळीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मग मी विचारलं. त्या रातीचं तुला काही आठवतं का रे?

‘कंदील आठवतो,’ तो म्हणाला. ‘आन् अण्णा. रातभर म्हणायले, आलंच बाळा, आता आलंच. वढ्यापाशी गाडी हुबी होती तवाबी म्हणायले, आलंच. मला दर येळंला वाटायलं, खरंच आलं.’ मग जरा थांबून, ‘तू मागं होतास नव्हं? तुजं नाक वढल्याला आवाज येत होता.’ एवढं म्हणून तो हसला आणि पुन्हा वेढा पहिल्यापासून मोजायला लागला, कारण बोलण्यात आकडा चुकला होता.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळून, दोरीनं आवळलेली पाणबुडी मोटार. आणणारा म्हातारा कुठल्याशा तांड्यावरचा होता, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. परतीचा पाऊस दोन दिवस पडत होता. त्यानं तांड्याचं नाव सांगितलं आणि माझ्या जिभेवर आलंच होतं, किती लांब आहे म्हणून. बाळूनं तार खाली ठेवली, उठला, माठातून तांब्या भरला.

‘वाटंनं लई चिखल हाय का, काका?’ त्यानं विचारलं आणि पाणी पुढं केलं.